एका ग्रंथाचा धनी : गार्सिया द ओर्ता

विद्वानाची उंची कशाने मोजावी, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्या काळाने त्याला एक सोपे उत्तर शोधले आहे. संशोधकाने किती निबंध प्रसिद्ध केले ते मोजायचे, ते निबंध इतरांनी आपल्या लेखनात किती वेळा उल्लेखिले ते मोजायचे, आणि या दोन आकड्यांच्या मेळातून त्याची किंमत ठरवायची. २००५ साली हिर्श नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने यासाठी एक मोजपट्टीच तयार केली. एखाद्याचे दहा निबंध प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेखिले गेले असतील, तर त्याचा निर्देशांक दहा. औषधशास्त्रातील संशोधकांना आज याच पट्टीने मोजतात. नेमणूक, बढती, अनुदान, मानसन्मान सारे या आकड्याभोवती फिरते.

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. औषधशास्त्राशी माझा संबंध आजीच्या बटव्यापुरता! परंतु इतिहासाचा अभ्यास करताना एका अशा माणसाची ओळख झाली, की त्याच्यापुढे ही मोजपट्टी धरावी आणि पट्टीच थिटी पडावी. त्याने जन्मभरात एकच ग्रंथ लिहिला. एकच ग्रंथ असल्यामुळे, जगाने त्याचा लाख वेळा उल्लेख केला तरी या हिशेबाने त्याचा निर्देशांक एकाच्या वर कधी जाणार नाही. तरीही युरोपला हिंदुस्थानची औषधे कळली ती प्रामुख्याने याच एका ग्रंथातून. त्या माणसाचे नाव गार्सिया द ओर्ता.

अंजूरच्या मुलीने या पोर्तुगीज वैद्याबद्दल लिहावे, याचे कोणास नवल वाटेल. आमच्या गावात पोर्तुगीजांचे नाव निघते ते गंगाजी नाईकांच्या संदर्भात. फिरंग्यांच्या धार्मिक जुलमाविरुद्ध अंजूरकर नाईकांनी पेशव्यांकडे दाद मागितली, चिमाजी अप्पांची मोहीम झाली आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली, ही कथा आमच्याकडे मुलांना बाराखडीबरोबर मिळते. खाडीच्या पलीकडचा साष्टीचा मुलूख दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे होता. त्या राजवटीविषयी आमच्या मनात जी अढी आहे ती उगाच नाही. परंतु त्याच राजवटीच्या प्रारंभी, वसई-ठाणे-साष्टीच्या याच पट्ट्यात, एक पोर्तुगीज माणूस पानाफुलांची आणि सालीमुळांची नावे विचारीत फिरत होता. पुढे त्या राजवटीने त्यालाही सोडले नाही. म्हणूनच त्याची कथा मला परकी वाटत नाही.

ओर्ताचा जन्म १५०० च्या सुमाराचा, पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या स्पेनच्या सरहद्दीजवळील गावचा. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर घालविले, तेव्हा अनेक कुटुंबे पोर्तुगालात आली. पाच वर्षांतच तेथेही त्यांच्यावर सक्तीने बाप्तिस्मा लादण्यात आला. अशा बाटविलेल्या ज्यूंना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. बाहेरून ख्रिस्ती, आणि घरात? समाजाची संशयी नजर त्यांच्यावर सदैव खिळलेली असे. अशा घरात हा मुलगा वाढला. सालामांका आणि आल्काला या स्पेनमधील विद्यापीठांत त्याने कला, तत्त्वज्ञान आणि वैद्यक यांचे शिक्षण घेतले. १५२६ साली त्याला पोर्तुगालात वैद्यकीचा परवाना मिळाला. पुढे लिस्बनच्या विद्यापीठात तो तत्त्वज्ञान शिकवू लागला. नोकरी, मान, पैसा सारे होते. नव्हती फक्त निर्धास्त झोप.

१५३४ च्या मार्चमध्ये मार्तिम आफोन्सो द सौझा या दर्यासारंगाच्या आरमाराबरोबर, त्याचा खाजगी वैद्य म्हणून, ओर्ता हिंदुस्थानकडे निघाला आणि सप्टेंबरात गोव्यास पोचला. प्रारंभीची काही वर्षे त्याने सौझाबरोबर पश्चिम किनाऱ्यावरील मोहिमांत घालविली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई आणि आसपासची बेटे पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे सौझा मायदेशी परतला, ओर्ता मात्र गोव्यातच राहिला. लग्न झाले, दोन मुली झाल्या. वैद्यकी उत्तम चालली. राज्यपालांपासून गरिबांपर्यंत सारे त्याच्याकडे येत. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा रुग्ण होता आणि स्नेहीही. निजामशहाच्या दरबारी असलेल्या हकिमांशी ओर्ताच्या लांबलचक चर्चा होत. औषधांची अरबी-फारसी नावे त्याने तेथे पारखून घेतली.

आणखी एक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसेल. आपली मुंबई एके काळी या वैद्याच्या खंडाने होती! १५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने मुंबई बेट त्याला वार्षिक खंडावर दिले. त्या बेटावरील आपल्या एका आंब्याचा त्याने ग्रंथात मोठ्या कौतुकाने उल्लेख केला आहे. तो आंबा वर्षातून दोनदा फळत असे. पुढे इंग्रजांचा किल्ला जेथे उभा राहिला तेथेच ओर्ताचा वाडा होता, असे मानतात. वसईच्या बाजूची त्याची माहिती तर एखाद्या गावकऱ्यासारखी आहे. घारापुरीची आणि साष्टीतील लेणी त्याने पाहिली होती. भातशेती करणारे कुणबी, बागाईत करणारे माळी, वसुलीची कामे पाहणारे परभू यांची त्याने नोंद केली आहे. पोर्तुगीज लोक पारशांना ज्यू समजत. ते ज्यू नव्हेत, इराणातून आलेले निराळे लोक आहेत, हे त्याने स्पष्ट केले. स्वतः ज्यू घराण्यात जन्मलेल्या माणसाने हे वाक्य लिहिताना काय मनात आणले असेल!

आता त्याच्या संशोधनाकडे वळू. त्या काळी युरोपातील वैद्यकाचा सारा डोलारा ग्रंथप्रामाण्यावर उभा होता. डायोस्कोरिडीस, गॅलन, प्लिनी हे ग्रीक-रोमन आणि अविसेना, सेरापियन हे पूर्वेकडील पंडित, यांनी जे लिहिले ते प्रमाण. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने, मिऱ्याचा वेल स्वतः न पाहता, मिऱ्याबद्दल जे लिहिले तेच विद्यापीठात घोकले जाई. मिरी, वेलदोडे, दालचिनी, हिंग, कापूर हे पदार्थ लिस्बनच्या धक्क्यावर उतरत, पण ते कोणत्या झाडापासून निघतात आणि कोठे होतात, याचे ज्ञान गोण्यांबरोबर येत नसे.

ओर्ताने उलटी वाट धरली. झाड आपल्या डोळ्यांनी पाहायचे, बागेत लावून पाहायचे, फळ चाखायचे, औषध रोग्याला देऊन गुण पाहायचा, व्यापाऱ्याला विचारायचे, वैद्याला विचारायचे, हकिमाला विचारायचे, आणि सर्वांत शेवटी ग्रंथ उघडून तो खरे सांगतो की खोटे ते ताडायचे. पिंपळी म्हणजे मिऱ्याचेच कोवळे रूप, असा जुन्या ग्रंथकारांचा समज होता. ती झाडेच निराळी आणि त्यांचे मुलूखही निराळे, हे त्याने सांगितले. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलण्याची आपली छाती झाली नसती, अशी कबुलीही त्याने मोकळेपणाने दिली आहे. समुद्र ओलांडल्यावर त्याच्या बुद्धीला मोकळा वारा लागला, हेच खरे.

तीस वर्षांच्या या खटपटीचे फळ म्हणजे त्याचा ग्रंथ. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयीचे संवाद, असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. १० एप्रिल १५६३ रोजी तो गोव्यात प्रसिद्ध झाला. मुद्रणकला गोव्यात येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. जोआंव द एन्देम या मुद्रकाने तो छापला. छपाईच्या चुका एवढ्या, की शुद्धिपत्रच लांबलचक झाले. ओर्ताचा स्नेही असलेल्या लुईश द कामोइश या महाकवीची पहिली छापील कविता याच ग्रंथाच्या प्रारंभी आली. लॅटिनमध्ये लिहिणे ओर्ताला सहज जमले असते आणि पंडितांत मानही मिळाला असता. पण अधिक लोकांच्या उपयोगी पडावे म्हणून त्याने पोर्तुगीज भाषा पसंत केली. मातृभाषेतून शास्त्र लिहावे की नाही, यावर आपण अजून परिसंवाद भरवितो!

ग्रंथ संवादरूप आहे. स्पेनहून नुकताच आलेला रुआनो नावाचा एक वैद्य ओर्ताच्या घरी उतरतो आणि एकेका द्रव्याविषयी प्रश्न विचारतो. रुआनो हे काल्पनिक पात्र. तो पुस्तकी पंडित, गॅलनचा भक्त. ओर्ता अनुभवी. जणू विद्यापीठात शिकलेला तरुण ओर्ता आणि गोव्यात पिकलेला म्हातारा ओर्ता एकमेकांशी वाद घालीत आहेत, असे मला वाचताना वाटले. असे एकूण ५९ संवाद आहेत. त्यांत हिंग आहे, कापूर आहे, लवंग, जायफळ, हळद, चिंच, चंदन, अफू, भांग, कडुनिंब, नारळ, फणस आणि विड्याचे पानही आहे. पारिजातकावर एक स्वतंत्र संवाद आहे आणि सूर्यावर भाळून दुःखी झालेल्या राजकन्येची आपली दंतकथाही त्यात सांगितली आहे. धोतऱ्याचे बी अन्नात घालून मालकिणीला भ्रमात पाडणाऱ्या आणि दागिने लांबविणाऱ्या दासीची हकीकत तर एखाद्या रहस्यकथेसारखी आहे.

या ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग पटकीविषयीचा. आशियातील पटकीचे युरोपीय वैद्याने केलेले पहिले तपशीलवार वर्णन म्हणून तो ओळखला जातो. डोळे खोल जाणे, हातपाय गार पडणे, पेटके, नाडी क्षीण होणे ही सारी लक्षणे त्याने रोग्याजवळ बसून टिपली आहेत. या रोगाला येथील लोक काय म्हणतात तेही त्याने नोंदविले. तो शब्द आपला ‘मोडशी’! पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचा ‘मोर्देशीं’ झाला आणि फ्रेंचांनी तर त्याचे कुत्र्याचे मरण अशा अर्थाच्या शब्दांत रूपांतर करून टाकले. पोट बिघडले की माझी आजी आजही मोडशी झाली म्हणते. तिच्या तोंडचा हा शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपातील वैद्यकाच्या पुस्तकांत जाऊन बसला होता, हे तिला सांगितले तेव्हा तिने नुसते हसून कुड्याची साल उगाळायला घेतली. आमांशावर मलबारी लोक वापरीत असलेल्या एका झाडाचे ओर्ताने मोठे गुणगान केले आहे. अभ्यासकांच्या मते ते झाड म्हणजे हाच कुडा.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ओर्ताला हे सारे सांगितले कोणी? त्याच्या ग्रंथात आंतोनिया नावाची एक दासी आहे. मालकाने हाक मारली की ती झाडाची फांदी, फळ, साल घेऊन येते. मालुपा नावाचा एक देशी वैद्य आहे. नाव नसलेले व्यापारी, माळी, हकीम तर पुष्कळ आहेत. ओर्ताला संस्कृत येत नव्हते. चरक-सुश्रुत त्याच्या दृष्टीस पडले नाहीत. आपल्या वैद्यांना शरीररचनेचे ज्ञान नाही, अशी टीका तो करतो आणि दुसऱ्याच पानावर त्यांचेच औषध आपण वापरतो असेही सांगतो. तो सत्ताधाऱ्यांपैकीच एक होता, दासदासी बाळगीत होता, हे विसरून चालणार नाही. जनावरांच्या पोटात सापडणाऱ्या खड्याला विषावरचा उतारा मानण्याइतका तो आपल्या काळाचाही होता. तरीपण जे ज्याच्याकडून ऐकले ते त्याच्या नावावर टाकण्याची त्याची वृत्ती होती. आंतोनियाचे नाव त्याने गाळले असते तर त्याला कोण विचारणार होते? आजच्या भाषेत सांगायचे तर त्याने आपल्या दासीचाही उल्लेख केला. एवढा प्रामाणिकपणा पदव्या असलेल्या सर्वांनाच साधतो असे नाही.

आता त्याच्या ग्रंथाचे पुढे काय झाले ते पाहू. प्रसिद्धीनंतर वर्षभरातच शार्ल द लेक्लूझ, ज्याला क्लूसियस म्हणून जग ओळखते, हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ हिंडत हिंडत लिस्बनला आला आणि ग्रंथाची एक प्रत त्याच्या हाती पडली. त्याने त्याचा संक्षेप लॅटिनमध्ये केला आणि १५६७ साली अँटवर्पच्या प्लांटिनच्या सुप्रसिद्ध छापखान्यातून तो बाहेर पडला. त्याने संवाद काढून टाकले, मजकूर नव्याने लावला, टीपा आणि चित्रे घातली. रुआनो गेला, आंतोनिया गेली, मालुपा गेला. राहिली ती द्रव्ये आणि ओर्ताचे नाव. या लॅटिन पुस्तकाच्या १५७४, १५७९, १५९३ अशा आवृत्त्या निघाल्या आणि १६०५ साली क्लूसियसच्या मोठ्या ग्रंथात त्याचा समावेश झाला. त्यावरून इटालियन आणि फ्रेंच भाषांतरे झाली. १५७८ साली क्रिस्तोव्हाओ द कोस्ता या वैद्याने स्पॅनिश भाषेत हिंदुस्थानच्या औषधांवर सचित्र ग्रंथ काढला. त्यातील पुष्कळसा मजकूर ओर्ताचाच होता, मात्र त्याने ओर्ताचे नाव घेतले आहे. पुढच्या शतकात जावामधील डच वैद्य बोन्टियस याने ओर्ताच्या ग्रंथावर टीपणे लिहून त्याच्या काही चुका दाखविल्या. ज्याच्या चुका काढण्यासाठी सत्तर वर्षांनंतरही एखाद्या वैद्याला लेखणी उचलावी लागते, त्याचे लेखन जिवंत आहे असेच म्हटले पाहिजे.

यातील खोच लक्षात घ्यावी. युरोपने शेकडो वेळा ओर्ताचा उल्लेख केला तो क्लूसियसच्या संक्षेपावरून. मूळ पोर्तुगीज ग्रंथ फार थोड्यांनी पाहिला. त्याच्या मोजक्याच प्रती उरल्या. म्हणजे उल्लेख एका पुस्तकाचे होत होते आणि वाचले जात होते दुसरेच. नुसता आकडा मोजणाऱ्याला हे कसे कळावे? आणखी एक गंमत सांगते. आपल्या कोकमाचे शास्त्रीय कुळनाम गार्सिनिया. ते गार्सिया द ओर्तावरून पडले असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ते लॉरेन्ट गार्सिन या दुसऱ्याच निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून ठेवलेले आहे. ज्या कोकणात त्याने हयात काढली, तेथल्या या झाडाचा मानही असा हुकला.

तिकडे युरोपात नाव गाजत असताना इकडे गोव्यात काय चालले होते? १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय स्थापन झाले. ओर्ताने हिंदुस्थानात येऊन जी निर्धास्तता मिळविली होती, ती संपली. मोठमोठ्या अधिकाऱ्यांचा वैद्य म्हणून त्याला हात लागला नाही. १५६८ साली तो मरण पावला आणि त्याच्या कुटुंबाभोवतीची भिंत ढासळली. त्याची बहीण कातारिना हिला पकडण्यात आले. चौकशीत घरातील गुप्त ज्यू धर्माचरण बाहेर आले. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. धर्मन्यायालयाचे तेवढ्यानेही समाधान झाले नाही. मेलेल्या ओर्तावर खटला चालला आणि १५८० च्या डिसेंबरात त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ज्या सालात ही शिक्षा झाली त्याच्या आदल्याच वर्षी अँटवर्पमध्ये त्याच्या ग्रंथाची नवी लॅटिन आवृत्ती निघाली होती! एकीकडे उल्लेखांचा पाऊस आणि दुसरीकडे हाडांची राख.

त्याच्या मायदेशाला त्याची आठवण झाली ती तीनशे वर्षांनंतर. फिकाल्यो या सरदाराने १८८६ साली त्याचे चरित्र लिहिले आणि १८९१ पासून मूळ ग्रंथाची टीपांसह आवृत्ती काढली. १९१३ साली मार्कहॅमने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. त्याच्या घराण्याच्या छळाची कागदपत्रे तर १९३४ साली प्रकाशात आली. तोवर तो सुखाने मेला असेच जग समजत होते. पणजीत चर्चजवळच्या बागेला आज त्याचे नाव आहे. सहलीला जाणारे आपण तेथे बाकावर बसतो, भेळ खातो आणि पाटी न वाचता उठतो.

या चरित्राने मला काय शिकविले? मोजमाप वाईट असे मी म्हणत नाही. ज्याच्या लेखनाचा कोणालाच उपयोग होत नाही त्याला पंडित का म्हणावे, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु आकडा सांगतो की उल्लेख झाला. तो का झाला, वाचून झाला की ऐकून, आणि ज्याचा व्हायला हवा होता त्याचा झाला की नाही, हे आकडा सांगत नाही. ओर्ताचे नाव राहिले, कारण ते छापले गेले. मालुपा वैद्याचे नाव राहिले, कारण ते ओर्ताने लिहिले. आणि ज्या माळ्यांनी, वैदूंनी, म्हाताऱ्या बायकांनी झाडपाल्याचे ज्ञान पिढ्यान् पिढ्या जपले, त्यांचा निर्देशांक शून्य!

आमच्या अंजूरच्या शिवारात आता गोदामे उभी राहिली आहेत. कुडा, निर्गुडी, अडुळसा ओळखणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. ओर्ता परका होता, त्याला आपली भाषाही धड येत नव्हती, तरी तो विचारीत राहिला आणि लिहीत राहिला. आपल्याला तर भाषाही येते आणि सांगणारी माणसेही अजून आहेत. या वर्षी आम्ही काही मैत्रिणींनी दर रविवारी एका वृद्धाकडे वा आजीकडे बसून झाडांची नावे आणि उपयोग वहीत उतरवून घेण्याचे ठरविले आहे. सांगणाऱ्याचे नाव प्रत्येक नोंदीपुढे लिहायचे, हा पहिला नियम. आतापर्यंत त्या वहीत ४१ नावे झाली आहेत.